ऑपरेशनच्या आधी: गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावरचे उपाय, कोणत्या क्रमाने आणि कितपत भरवशाचे

गुडघेदुखीवर पैसे खर्च करायचा क्रम आपल्याकडे बहुतेक घरांत उलटा असतो. आधी एमआरआय, मग जेलचं इंजेक्शन, मग कुणीतरी सुचवलेलं पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन), मधल्या काळात दर महिन्याला सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनची बाटली. एवढं करूनही जिना चढवेना, की मग ‘बघू या आता थोडा व्यायाम करून’. खाली तो क्रम सुलट करून मांडला आहे: काय आधी, काय नंतर, कशाला किती आठवडे द्यायचे आणि कुठे थांबायचं. मी वाशीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, म्हणजे व्यायामाची बाजू घेणार हे गृहीत धरूनच वाचा. औषधांचे डोस माहितीसाठी दिले आहेत. बीपी, शुगर, किडनी, हृदय यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

दुखणं झिजेचंच आहे ना?

वय पंचेचाळीसच्या पुढे, चाललं-चढलं की दुखतं, बसलं की बरं वाटतं, सकाळी गुडघा आखडतो पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. एवढं जुळत असेल तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदानासाठी एक्स-रेचीही गरज नाही. आपल्याकडे तो काढलाच जातो. हरकत नाही, पण उभं राहून काढलेला हवा. आडवं पडून काढला तर सांध्यावर भार नसतो आणि हाडांमधली फट आहे त्याहून मोठी दिसते.

रिपोर्टवर जी ग्रेड असते ती केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ ची पट्टी. ती चित्राची आहे, वेदनेची नाही. ग्रेड चारच्या काकू सेक्टरच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येतात आणि ग्रेड दोनच्या काकांना खुर्चीतून उठताना कळ जाते, असं रोज दिसतं. एमआरआयचं तर आणखीच वेगळं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीच्या पुढच्या लोकांचे सरसकट एमआरआय काढले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना काही दुखतच नव्हतं. ‘मेनिस्कस टेअर’ हे शब्द रिपोर्टवर वाचून हातपाय गाळू नका.

मात्र काही खुणा दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप. पोटरी अचानक सुजून दुखणं. पडल्यावर पायावर भारच घेता न येणं. गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं. रात्री झोपेतून उठवणारी, आरामातही न थांबणारी वेदना. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो आणि बोटांचे सांधेही सुजतात, तर आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी हवी. आपल्या भागात पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: मध्यंतरी ताप येऊन गेला होता का? चिकुनगुनियाची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते आणि ती झिजेच्या खात्यावर सहज मांडली जाते.

आधी माप, मग उपाय

कुठलाही उपाय सुरू करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. पहिली, आठवड्यातलं सरासरी दुखणं, ० ते १०० मध्ये. दुसरी, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. हात छातीवर दुमडलेले, खुर्ची भिंतीला टेकवलेली, शेजारी कुणीतरी मोबाइलवर वेळ लावून. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर शून्य लिहा, त्यात लाज कसली? तिसरी गोष्ट तुमच्या रोजच्या जगण्यातली. सिडकोच्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत राहत असाल तर घर चढायला लागणारी मिनिटं आणि वाटेतले थांबे. ठाण्यात असाल तर स्टेशनचा पूल कठडा न धरता उतरता येतो का. दर चार आठवड्यांनी हीच तीन मापं पुन्हा घ्यायची.

हा खटाटोप का? गुडघ्याचं दुखणं आपोआप वरखाली होतं आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असतं. त्या आठवड्यात जे केलं असेल, मग ते इंजेक्शन असो, तेल असो की तांब्याचं कडं, त्याला श्रेय मिळतं. ‘आमच्या वहिनींना एका इंजेक्शनात फरक पडला’ यातल्या बऱ्याच कथा अशा तयार होतात.

शंभराची ही पट्टी उपायांची तुलना करायलाही कामी येते, कारण संशोधनात दुखणं बहुतेकदा याच पट्टीवर मोजलेलं असतं. साधारण दहा गुणांच्या आसपासचा फरक माणसाला जाणवतो असं धरून चाला. दोन-तीन गुणांचा फरक कागदावर दिसतो, जिन्यावर दिसत नाही.

पहिले बारा आठवडे: व्यायाम

याच पट्टीवर व्यायामाचा सरासरी फायदा साधारण ८ ते १२ गुणांचा निघतो. म्हणजे चमत्कार नाही, आणि ‘व्यायामाने गुडघा बरा होतो’ असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. पण तेवढ्या फायद्यासोबत तोल सुधारतो, शुगर-बीपीला मदत होते आणि पोटाला, किडनीला काही होत नाही. असं दुसऱ्या कुठल्याच उपायाबद्दल म्हणता येत नाही. शिवाय ही सरासरी आहे, आणि जे नेटाने भार वाढवत जातात ते तिच्या वरच्या बाजूला असतात असा माझा अनुभव आहे.

‘गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, आता वापरलं तर आणखी झिजेल’ ही समजूत आधी काढून टाकायला हवी. गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सोडला जातो तेव्हा आतल्या द्रवातून तिचं पोषण होतं. सांधा नुसता बसवून ठेवला तर मांडीचा स्नायू वितळतो आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो.

काय करायचं:

१. टॉवेल दाबणं. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून ती खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. हा फक्त पहिल्या एक-दोन आठवड्यांचा व्यायाम. दोन-दोन वर्षं एवढंच करत राहिलेले लोक भेटतात आणि मग म्हणतात, फरक नाही.

२. सरळ पाय उचलणं. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरून हळू खाली आणा. दहा सहज जमले की वजन वाढवायचं. त्यासाठी विकतचे वेट कफ लागत नाहीत. किलोची मिठाची पुडी कापडी पिशवीत घालून घोट्यावर आडवी बांधली की काम होतं.

३. खुर्चीतून उठणं. सगळ्यांत महत्त्वाचा हाच, म्हणून जरा सविस्तर. टेकू नसलेली प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या. उंची कमी वाटली तर एक घट्ट उशी ठेवा, ती नंतर काढता येते. खुर्चीच्या पुढच्या कडेला या, पावलं गुडघ्यांपेक्षा किंचित मागे, दोन्ही पायांमध्ये खांद्याइतकं अंतर. नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत पुढे वाका आणि मग उठा. बहुतेक जण पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला जातात, तिथेच गुडघ्यावर ताण येतो. बसताना तीन मोजत बसायचं. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. उठताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकत असतील तर आरशासमोर करा. आठ-दहाचे दोन-तीन संच, मध्ये मिनिटभर विश्रांती.

४. पाय बाजूला नेणं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहा, कंबर न वाकवता एक पाय बाजूला न्या, परत आणा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे सहज उरकतं.

५. पायरी. दोन-चार आठवड्यांनंतर. इमारतीची सगळ्यांत खालची पायरी, एका हाताने कठडा, दुखरा पाय वर, त्याच पायावर जोर देऊन चढा आणि सावकाश उतरा.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, एक दिवसाआड. शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत. नाही गेली तर भार वाढवायची वेळ झाली. दुखलं तर काय? व्यायाम करताना दहापैकी पाचापर्यंत दुखणं चालतं, ते दुसऱ्या दिवशी पूर्वपदावर आलं पाहिजे. गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही चढंच राहिला तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा. बंद करू नका.

चालणं हे यांच्या जोडीला, यांच्याऐवजी नव्हे. सपाट जागा निवडा: नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचा सागर विहार, ठाण्यात कचराळी तलाव किंवा तलावपाळी. येऊरच्या रस्त्याचा मोह सुरुवातीला टाळा. चढणं जमतं, पण गुडघ्याची परीक्षा उतारावर असते. चाळीस मिनिटं एका दमात होत नसतील तर दहा-दहाचे चार तुकडे करा. पावसाळ्यात शेवाळलेल्या ट्रॅकवर जाण्यापेक्षा सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग बरं.

फिजिओथेरपिस्टकडे किती वेळा जायचं? शिकायला चार-पाच वेळा, मग दर तीन-चार आठवड्यांनी भार वाढवून घ्यायला. ‘रोज या, पंधरा दिवस मशीन लावू’ असं कुणी सांगितलं तर विचारा की व्यायाम कधी शिकवणार. आयएफटी, अल्ट्रासाउंड, डायथर्मी या यंत्रांवर आमच्या धंद्याची बरीच कमाई आहे, पण ‘नाइस’च्या सूचना गुडघ्याच्या झिजेसाठी विजेच्या उपचारांची शिफारस करत नाहीत. शेक घ्यायचा तर घरच्या गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या, तेवढाच आराम मिळतो. पैशांची अडचण असेल तर नेरुळच्या डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याच्या एमजीएम यांसारख्या फिजिओथेरपीचं शिक्षण देणाऱ्या ठिकाणची ओपीडी बघा. हाडांच्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर वाशीचं महापालिका रुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच.

वजन

वजनात एका किलोची घट झाली तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे अमेरिकी संशोधक मेसियर यांच्या २००५ च्या अभ्यासात मोजलेलं आहे. दिवसाची हजारो पावलं धरा. त्याच गटाने २०१३ साली ४५४ लोकांवर दीड वर्ष केलेल्या प्रयोगात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. उद्दिष्ट वजनाच्या ५ ते १० टक्क्यांचं ठेवा. ७५ किलोच्या बाईसाठी ते चार ते साडेसात किलो होतं.

आपल्या घरांत अडतं ते दोन जागी. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचे लाडू. हा उपास वजनाच्या कामाचा नाही. दुसरं म्हणजे भात-पोळी कमी केली की ताटात काहीच उरत नाही, कारण उसळ वाटीच्या तळाशी असते. ते उलटं करा: मटकी, मूग, चवळी मोठ्या वाटीत, अंडी किंवा मासे चालत असतील तर उत्तम, पोळी त्याच्या सोबतीला. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर मांडीचा स्नायूही जातो.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेल्या ४०७ जणांवर सेमाग्लुटाइडची ६८ आठवडे चाचणी झाली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३.७ टक्के घटलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं ३.२ टक्के. दुखण्याच्या शंभराच्या मापावर औषधाच्या गटाचे ४१.७ गुण उतरले, दुसऱ्या गटाचे २७.५. म्हणजे फरक १४ गुणांचा, चांगलाच मोठा. पण हे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) तिशीच्या पुढच्या लोकांसाठी आहे, उलट्या-मळमळीचा त्रास होतो आणि थांबवलं की वजन परत चढू लागतं. केवळ गुडघ्यासाठी, परस्पर मेडिकलमधून घेण्याची ही वस्तू नाही.

काठी आणि बैठक

काठीचा उल्लेख काढला की समोरचा माणूस दुखावतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनांत मात्र काठीची जोरदार शिफारस आहे. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यायला हवी, खाली रबरी बूच शाबूत हवं. काठीऐवजी लांब दांड्याची छत्री वापरणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. ओल्या फरशीवर तिचं टोक सरकतं.

जिन्यावर: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पहिले काही आठवडे दोन्ही पाय एका पायरीवर आणत गेलात तरी चालेल.

मांडी घालून बसणं कायमचं बंद करा, असं मी सांगत नाही. ज्याला जमतं आणि नंतर दुखत नाही त्याने बसावं. पण भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून उठणं, जमिनीवर बसून तासभर भाजी निवडणं, यात दुखऱ्या गुडघ्याची हौस फिटते. कमोडवर उंच सीट बसवा, निवडायला टेबल घ्या. गणपतीत गुडघे बिघडून येणाऱ्यांची रांग लागते. मोदक वळताना, पूजेला, आरतीला एक उंच स्टूल मिळालं असतं तर त्यातल्या निम्म्या आल्या नसत्या.

साध्या कापडी नी कॅपने ऊब आणि धीर मिळतो, फार काही नाही. एकाच बाजूची झीज आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल तर भार दुसऱ्या बाजूला ढकलणारा ‘अनलोडर’ ब्रेस उपयोगी पडतो. तो मापाने घ्यावा लागतो, महाग असतो आणि मे महिन्याच्या घामात कितीजण घालतील याबद्दल मला शंका आहे.

मलम आणि गोळ्या

गोळीच्या आधी मलम. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला खरंच काम करतं, कारण सांधा कातडीजवळ आहे, आणि औषध रक्तात फार कमी जातं. गडबड प्रमाणात होते. १ टक्क्याच्या जेलचा गुडघ्यासाठीचा डोस एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. हिशेब करा: ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसांत संपायला हवी. आपल्याकडे तीच ट्यूब दोन गुडघ्यांना महिनाभर पुरते आणि मग मलमाला नावं ठेवली जातात. ट्यूबवर डायक्लोफेनॅक लिहिलेलं आहे का बघा. नुसतं मेंथॉल आणि विंटरग्रीनचं असेल तर थंडावा मिळेल, एवढंच. जन औषधी केंद्रात हे जेल स्वस्त मिळतं. लावल्यावर वरून शेक घेऊ नका. दोन-तीन आठवडे नीट लावून बघा.

पॅरासिटामॉलचा फायदा शंभरात तीन-एक गुण निघाला आहे. अधूनमधून घ्यायला हरकत नाही, भिस्त ठेवू नका.

सूज-वेदनाशामक गोळ्यांत डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब गुडघ्यावर सर्वाधिक परिणामकारक ठरल्या आहेत. तोटाही त्यांचाच मोठा: पोटातला अल्सर, चढणारा बीपी, हृदयविकाराचा धोका, किडनी. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये. आपल्या वयस्कर मंडळींची नेहमीची अडचण अशी: बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असतं, त्यावर ही गोळी पडली की किडनीला तिहेरी मार बसतो. उन्हाळ्यात, जुलाबात तो वाढतो. आणखी एक: मेडिकलमधून मिळणाऱ्या अॅसिक्लोफेनॅकच्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल आधीच असतं. वर तापाची म्हणून आणखी घेतली तर डोस दुप्पट. गोळी घ्यायचीच तर कमीत कमी डोस, थोडे दिवस, पोटासाठीच्या गोळीसोबत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. लग्नकार्य, प्रवास अशा दिवसांसाठी राखून ठेवा.

दुखणं सर्वांगात पसरलेलं, झोप उडालेली, गोळ्या चालत नाहीत, अशांना डॉक्टर कधीकधी ड्युलोक्सेटिन देतात. ते मनाच्या आजारावरचंही औषध आहे म्हणून घाबरून सोडू नका, आणि एकदम बंदही करू नका. ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकापासून मात्र लांब राहा. चक्कर, बद्धकोष्ठ आणि सवय, तिन्ही लागतात.

ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची २००६ ची अमेरिकी चाचणी १,५८३ लोकांवर झाली. एकंदरीत औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीहून वेगळा निकाल लागला नाही. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, पण ते हाडांसाठी. दुखण्यावर त्याने फरक पडत नाही. शल्लकीच्या अर्काने छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे. तेल चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि जी घेतल्यावर दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे होतात, तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता धरा. अशा पुड्यांनी शुगर चढलेली आणि चेहरा सुजलेली माणसं ओपीडीत येतात.

सुईचे उपाय

इथे चार वेगळ्या गोष्टी ‘गुडघ्यातलं इंजेक्शन’ या एकाच नावाखाली खपतात.

स्टेरॉइड. गुडघा सुजून भडकला असेल तर काही दिवसांत आराम पडतो, तो थोडे आठवडे टिकतो. व्यायाम सुरूच करता येत नसेल तेव्हा दार उघडायला याचा उपयोग. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस शुगर चढते, आधी सांगून ठेवा. दर तीन महिन्यांनी घेत राहायची वस्तू ही नव्हे: २०१७ च्या चाचणीत १४० लोकांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी ट्रायअॅमसिनोलोन हे स्टेरॉइड किंवा तुलनेसाठी नुसतं सलाइन दिलं, स्टेरॉइडच्या गटाची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक नव्हता. २०२० साली १५६ जणांत स्टेरॉइड विरुद्ध फिजिओथेरपी अशी थेट तुलना झाली. वर्षाअखेरीस फिजिओथेरपीचा गट सरस ठरला.

जेल, म्हणजे हायलुरोनिक अॅसिड. ‘वंगण भरतो’ म्हणून विकलं जातं. २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. सलाइनच्या तुलनेत फायदा शंभरात सुमारे दोन गुण. ‘नाइस’ ते देऊ नका म्हणते. मग इतक्यांना बरं कसं वाटतं? कारण सलाइन टोचलेल्यांनाही बरंच बरं वाटतं. सुईची अपेक्षा, मोजलेली किंमत, डॉक्टरांनी दिलेला वेळ, सगळ्याचा परिणाम होतो. त्यासाठी किती मोजायचं ते तुम्ही ठरवा. बहुतेक मेडिक्लेममध्ये असा ओपीडीचा खर्च मिळत नाही, हेही आधी विचारून घ्या.

पीआरपी. तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात देतात. यावर खरा वाद आहे. छोट्या चाचण्यांत फायदा दिसतो, पण प्रत्येकाची बनवण्याची पद्धत वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या २८८ लोकांच्या नीट आखलेल्या चाचणीत, २०२१ साली, वर्षभरानंतर सलाइनपेक्षा ना दुखण्यात फरक होता ना कूर्चेत. माझं मत विचाराल तर सुरुवातीची झीज, कमी वय आणि हातात मोकळा पैसा असेल तरच विचार करा, आणि ‘कूर्चा परत वाढेल’ असं सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

स्टेम सेल. यात मत देण्यासारखं काही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या मूळपेशी प्रत्यारोपणाखेरीज बाकी वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीत रुग्णाकडून लाख-दोन लाख घेत नाहीत.

यांखेरीज गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा रेडिओफ्रीक्वेन्सीने तापवून बधिर करण्याचा उपाय वेदनाशामक क्लिनिकांत होतो. झीज तशीच राहते, निरोप थांबतो. आधी भूल देऊन चाचणी घेतात, तिच्यात निम्म्याहून जास्त आराम पडला तरच पुढे जातात. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर, नंतर नस पुन्हा वाढते. हृदय किंवा इतर आजारांमुळे ऑपरेशन शक्य नसलेल्यांसाठी हा मला पीआरपीपेक्षा प्रामाणिक पर्याय वाटतो.

कुठलंही इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा: नेमकं काय टोचणार, नाव लिहून द्याल का? आराम किती आठवडे अपेक्षित आहे? नाही पडला तर पुढे काय? आणि सोनोग्राफीत बघून देणार की अंदाजाने?

बारा आठवड्यांनी कागद काढा

दुखणं दहा-पंधरा गुणांनी उतरलं आणि खुर्चीतून उठण्याची संख्या दोन-तीनने वाढली असेल तर चाललंय तेच चालू ठेवा, भार वाढवा. ताकद वाढली पण दुखणं हललं नाही तर मलम-गोळीचा फेरविचार, सूज असेल तर एखादं स्टेरॉइड. काहीच हललं नाही तर आधी स्वतःला विचारा की आठवड्यातले तीन दिवस खरंच झाले का. झाले असतील तर निदान पुन्हा तपासा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कमरेतल्या नसेचंही.

सहा महिने हे सगळं मनापासून करूनही रात्रीची झोप मोडते, घराबाहेर पडणं बंद झालं आहे, पाय वाकडा होत चालला आहे, तर सांधेरोपणाच्या सर्जनला भेटायला उशीर करू नका. आणखी चार इंजेक्शनं करून ते लांबवण्यात मांडीची ताकद मात्र जाते, आणि ऑपरेशननंतर उभं राहायला तीच लागते. तारीख ठरवताना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सर्जनना आवर्जून सांगा. स्टेरॉइड टोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत सांधेरोपण केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तारीख पुढे ढकलावी लागते.